घरबांधणीचे साहित्य मोजताना: पुण्यातील एका बैठ्या घराचा हिशेब

धायरीजवळ स्वतःचे घर बांधायला काढलेल्या एका कुटुंबाने एकाच नकाशावर दोन कंत्राटदारांकडून दर मागवले होते आणि त्यांतला कोणता स्वीकारावा, हे विचारायला ते दोन्ही कागद घेऊन माझ्याकडे आले होते. एकाचा दर चौरस फुटामागे दोनशे रुपयांनी कमी होता. कागद नीट वाचल्यावर दिसले की कमी दर देणाऱ्याने जिन्यावरची खोली, गच्चीचा कठडा, सेप्टिक टाकी आणि कुंपणभिंत यांपैकी काहीच धरले नव्हते, शिवाय जोते नकाशात दोन फूट उंच असताना त्याने ते एक फूट गृहीत धरले होते. सगळी कामे दोन्हीकडे सारखी धरून हिशेब मांडला, तेव्हा स्वस्त वाटणारा दरच महाग निघाला. घर बांधणाऱ्या माणसाने दराची चौकशी करण्यापूर्वी मापे का काढावीत, हे सांगण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण सुचत नाही. सिमेंटचा आणि सळईचा भाव दर आठवड्याला बदलू शकतो. पण नकाशा बदलत नाही तोवर घराला लागणारे काँक्रीट बदलत नाही, आणि म्हणून एकदा नीट काढलेले परिमाण शेवटच्या बिलापर्यंत उपयोगी पडते.

हिशेबाला बसण्यापूर्वी हाताशी दोन नकाशे हवेत. महानगरपालिकेने किंवा पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) मंजूर केलेला नकाशा पुरेसा नसतो, कारण त्यात खोल्यांची मापे आणि सामासिक अंतरे (घराभोवती सोडायची मोकळी जागा) असतात, पण फुटिंग (कॉलमखालचा पाया) किती खोल, बीम (आडवी तुळई) किती जाड आणि सळई किती जाडीची, हे नसते. ते आर.सी.सी. (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) सल्लागाराच्या नकाशात असते. हा दुसरा नकाशा तयार होण्यापूर्वी जो अंदाज निघतो तो ढोबळच असतो, आणि त्याच्या आधारावर कंत्राटदाराशी करार करणे मला योग्य वाटत नाही.

मापांच्या बाबतीत आपल्याकडे एकाच कामावर तीन पद्धती नांदतात. जमीन गुंठ्यात असते आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सल्लागार मीटर आणि मिलिमीटर वापरतो. वाळू, खडी, मुरूम ब्रासवर येतात आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. मजुरीचे दर सांगताना मात्र हाच ब्रास शब्द १०० चौरस फुटांसाठीही वापरला जातो. गिलाव्याचा ब्रास क्षेत्रफळाचा आणि वाळूचा ब्रास घनफळाचा, हा फरक न कळल्याने होणारे वाद मी अनेकदा पाहिले आहेत. माझी सवय अशी की सगळा हिशेब घनमीटर आणि चौरस मीटरमध्ये करावा आणि खरेदीच्या यादीत शेवटी ३५.३१ ने (एका घनमीटरचे इतके घनफूट) गुणून व १०० ने भागून ब्रास काढावेत.

आता एक उदाहरण घेऊ. बाहेरून १० मीटर × ८ मीटर मापाचे बैठे घर, म्हणजे ८० चौरस मीटर किंवा ८६१ चौरस फुटांचा स्लॅब. कॉलम बारा, चार ओळी आणि तीन रांगा. प्रत्येक कॉलम २३० × ३८० मिमी, त्याची लांब बाजू घराच्या ८ मीटरच्या दिशेने. फुटिंग १.५ × १.५ मीटर आणि ३५० मिमी जाड, त्याखाली १०० मिमी पीसीसी, म्हणजे बिनसळईचे साधे काँक्रीट. जोते जमिनीपासून ६०० मिमी, मजल्याची उंची ३ मीटर, स्लॅब १२५ मिमी. ही मापे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतली आहेत. आपल्या जमिनीला फुटिंग किती मोठे लागेल, ते सल्लागारच ठरवील.

खोदाईपासून सुरुवात करावी. पीसीसी फुटिंगच्या चारही बाजूंनी १५० मिमी बाहेर धरले की खड्डा १.८ × १.८ मीटर होतो आणि १.५ मीटर खोलीला एका खड्ड्याचे ४.८६ घनमीटर, बारांचे ५८.३ घनमीटर, म्हणजे सुमारे २०.६ ब्रास. हा आकडा सोपा आहे. अवघड आहे तो खड्ड्यातून काय निघेल याचा अंदाज. पुण्याखाली दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट आहे. एका प्लॉटवर चार फुटांत पक्का मुरूम लागतो, तर शेजारच्याच प्लॉटवर दोन फुटांनंतर काळा पाषाण सुरू होतो आणि ब्रेकर लावावा लागतो. ओढ्याकाठच्या जमिनीत तर काळी माती खोलवर जाते. माती, मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांच्या खोदाईचे दर वेगवेगळे असतात. म्हणून अंदाजपत्रक करण्यापूर्वी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत चाचणीचे खड्डे घ्यावेत, आणि करारात प्रत्येक थराचा दर स्वतंत्र लिहून घ्यावा. निघालेला मुरूम चांगला असेल तर तो जोत्याच्या भरावात वापरता येतो, काळी माती मात्र वापरू नये, कारण ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि फरशी उचलते.

काँक्रीट हा हिशेबाचा गाभा आहे, त्यामुळे इथे घाई करू नये. प्रत्येक अवयव स्वतंत्र ओळीत लिहावा: संख्या, लांबी, रुंदी, उंची, घनफळ. फुटिंग १२ × १.५ × १.५ × ०.३५ म्हणजे ९.४५ घनमीटर. कॉलम फुटिंगच्या माथ्यापासून स्लॅबच्या तळापर्यंत ४.५ मीटर धरले तर १२ × ०.२३ × ०.३८ × ४.५ म्हणजे ४.७२ घनमीटर. बीम मोजताना सर्वांत जास्त चुका होतात, कारण बीमची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धरली जाते आणि कॉलममधला भाग दोनदा मोजला जातो. आपल्या घरात १० मीटरच्या तीन ओळी आणि ८ मीटरच्या चार ओळी, मिळून ६२ मीटर दिसतात; पण १० मीटरच्या प्रत्येक ओळीतून चार कॉलमांचे ०.९२ मीटर आणि ८ मीटरच्या प्रत्येक ओळीतून तीन कॉलमांचे १.१४ मीटर वजा केले की निव्वळ लांबी ५४.६८ मीटर उरते. प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरचा बीम) २३० × ३०० मिमी धरला तर ३.७७ घनमीटर. स्लॅबखालचा बीम एकूण ३८० मिमी खोल असला, तरी त्यातले वरचे १२५ मिमी स्लॅबमध्ये मोजलेले असतात, म्हणून बीमची खोली २५५ मिमीच धरायची, ३.२१ घनमीटर. स्लॅब ८० × ०.१२५ म्हणजे १० घनमीटर. लिंटेल (दारा-खिडक्यांवरच्या आडव्या पट्ट्या), छज्जे आणि गच्चीवर जाणारा जिना यांचे नकाशावरून मोजून सुमारे ३.५ घनमीटर धरू. एकूण ३४.६५ घनमीटर.

आता त्याचे साहित्य. लोखंडी सळई असलेल्या काँक्रीटसाठी भारतीय मानक ४५६ नुसार एम २० हा किमान दर्जा आहे आणि लहान घरांच्या कामावर तो सिमेंट, वाळू आणि खडी यांच्या १:१.५:३ या प्रमाणाने केला जातो. कोरड्या साहित्यातल्या पोकळ्या ओल्या काँक्रीटमध्ये भरून निघतात, म्हणून एका घनमीटरसाठी १.५४ घनमीटर कोरडे साहित्य धरायचे. त्याला प्रमाणांच्या बेरजेने, म्हणजे ५.५ ने भागले की सिमेंट ०.२८ घनमीटर येते. सिमेंटचे वजन घनमीटरला १,४४० किलो, म्हणून ४०३ किलो, म्हणजे ५० किलोच्या ८.०६ गोण्या. वाळू ०.४२ आणि खडी ०.८४ घनमीटर. आपल्या ३४.६५ घनमीटरला सिमेंट २७९ गोण्या, वाळू ५.१ ब्रास आणि खडी १०.३ ब्रास. सिमेंटमध्ये तीन टक्के नासाडी धरून २८८ गोण्या लिहाव्यात.

पीसीसी १:४:८ असेल तर हीच रीत वापरून घनमीटरला ३.४ गोण्या येतात. फुटिंगखालचे ३.९ आणि फरशीखालचे ७.२ घनमीटर मिळून ११.१ घनमीटरला सुमारे ३८ गोण्या, १.९ ब्रास वाळू आणि ३.७ ब्रास खडी लागते. जोत्याचे आतले क्षेत्र ७२ चौरस मीटर धरले, तर त्यात १५० मिमी रबल सोलिंगला (दगडांच्या थराला) ३.८ ब्रास दगड आणि ३०० मिमी मुरमाचा भराव लागतो. भराव मोजताना दाबलेला मुरूम आणि ट्रकमधला सैल मुरूम यांत फरक करावा; २१.६ घनमीटर दाबलेल्या भरावासाठी मी पंचवीस टक्के अधिक, म्हणजे साडेनऊ ब्रास मागवतो.

प्रमाण कागदावर १:१.५:३ असते, पण मिक्सरजवळ घमेल्यांनी मोजले जाते आणि कोणते घमेले काठोकाठ व कोणते अर्धे, हे कोणी पाहत नाही. सिमेंटच्या एका गोणीचे घनफळ जवळजवळ ३५ लिटर असते. आतून ४० × ३५ × २५ सेंटिमीटर मापाची लाकडी किंवा पत्र्याची पेटी करून घ्यावी. एका गोणीला दीड पेटी वाळू आणि तीन पेट्या खडी. पाण्याचेही माप ठेवावे. सौम्य वातावरणातल्या सळईच्या काँक्रीटला पाणी-सिमेंट गुणोत्तराची मर्यादा ०.५५ आहे, म्हणजे गोणीला २७.५ लिटरच्या वर पाणी जाऊ नये. माल पातळ केला तर काम सोपे होते हे खरे, पण त्या पाण्याने घराची ताकद कमी होते आणि ते नंतर कोणत्याही खर्चाने भरून निघत नाही.

स्लॅब रेडीमिक्सने (कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या काँक्रीटने) भरायचा असेल तर त्याचे सिमेंट, वाळू आणि खडी यादीतून वगळायला विसरू नये. आपला स्लॅब आणि बीम मिळून १३.२ घनमीटर होतात. ते आणणारा सहा घनमीटरचा ट्रक, म्हणजे ट्रान्झिट मिक्सर, दोनदा आला तर बारा घनमीटर भरतात आणि उरलेल्या सव्वा घनमीटरसाठी तिसरी गाडी मागवावी लागते, जिच्यासाठी पूर्ण न भरलेल्या गाडीचे वेगळे शुल्क लागू शकते. हे आधीच ठरवून उरलेल्या मालात जिन्याचा टप्पा किंवा छज्जा भरण्याची तयारी ठेवावी.

सळईचा अंदाज दोन टप्प्यांत करावा. सल्लागाराचा नकाशा हाती येण्यापूर्वी मी घनमीटरमागे फुटिंगला ६०, कॉलमला १६०, बीमला १४० आणि स्लॅब, जिना व छज्जाला ७५ किलो धरतो. आपल्या घराला त्याप्रमाणे ५६७, ७५५, ९७७ आणि १,०१२ किलो, एकूण ३,३१० किलोच्या आसपास येतात. तुकडे आणि जोड यांसाठी थोडे वाढवून ३.४ टन. नकाशा आल्यावर मात्र बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे प्रत्येक सळईची लांबी, संख्या आणि वजन यांचा तक्ता, करावेच. सळईचे मीटरमागे वजन काढण्यासाठी व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग १६२ ने भागायचा: ८ मिमीला ०.३९५ किलो, १० मिमीला ०.६१७, १२ मिमीला ०.८८९ आणि १६ मिमीला १.५८ किलो.

समजा एका खोलीच्या स्लॅबमध्ये ८ मिमीची मुख्य सळई दर १५० मिमीवर आहे आणि ती ३.९ मीटर रुंदीत पसरायची आहे. ३,९०० भागिले १५० म्हणजे २६, त्यात एक मिळवून २७ सळया. टोकांचा आधार धरून प्रत्येकीची लांबी ३.६ मीटर असेल तर ९७.२ मीटर, म्हणजे ३८.४ किलो. रिंगांचा (उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या कड्यांचा) हिशेब बहुतेक ढोबळ अंदाजांतून गळतो, म्हणून तोही दाखवतो. २३० × ३८० च्या कॉलमला चाळीस मिमी कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) सोडले की रिंग १५० × ३०० मिमीची होते. तिची परिमिती ९०० मिमी आणि हुकांसाठी ८ मिमी व्यासाच्या चोवीसपट, म्हणजे १९२ मिमी. एक रिंग १.१ मीटर. ४.५ मीटर उंचीत दर १५० मिमीवर ३१ रिंगा, बारा कॉलमांना ३७२, आणि त्यांचे वजन १६० किलोंहून अधिक. कॉलमच्या टोकांजवळ रिंगा जवळजवळ बांधायच्या असतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा वाढतोच. बांधायची तार टनाला आठ ते दहा किलो धरावी.

सळई आली की एक मीटरचा तुकडा कापून वजन करावे, ही विनंती मी प्रत्येक घरमालकाला करतो. १२ मिमीचा तुकडा ८८९ ग्रॅम भरायला हवा. भारतीय मानक १७८६ नुसार १० मिमीपर्यंतच्या सळईच्या खेपेला सरासरी वजनात सात टक्के आणि त्यापुढे १६ मिमीपर्यंत पाच टक्के कमी-जास्त चालते; १२ मिमीच्या तुकड्यांची सरासरी ८४५ ग्रॅमच्या खाली गेली तर ती सळई परत पाठवावी. वजनावर विकत घेतलेली हलकी सळई पैशाच्या हिशेबात कमी पडत नाही, पण सल्लागाराने मोजलेले लोखंड कॉलममध्ये पडत नाही, आणि खरे नुकसान तेच आहे.

भिंतींसाठी पुण्यात आता सिपोरेक्स म्हणून ओळखले जाणारे हलके ब्लॉक सर्रास वापरले जातात, पण भट्टीची वीटही टिकून आहे. ब्लॉकचा हिशेब सोपा असतो. ६०० × २०० मिमीच्या ब्लॉकला तीन मिमीचा सांधा धरून चौरस मीटरला ८.१७ ब्लॉक लागतात. बाहेरच्या भिंतींची कॉलम वगळून लांबी ३१.८८ मीटर आणि बीमखाली उंची २.६२ मीटर, म्हणजे ८३.५ चौरस मीटर. त्यातून दारे-खिडक्यांचे १३.८ वजा करून ६९.७ उरतात. पाच टक्के मोडतोड धरून १५० मिमी जाडीचे ६०० ब्लॉक. आतल्या १०० मिमी भिंती बावीस मीटर लांबीच्या धरल्या तर दारे वजा जाता ५०.४ चौरस मीटरला ४३० च्या आसपास. सांध्याच्या तयार मसाल्याच्या गोण्या किती लागतील ते त्या गोणीवर छापलेल्या क्षेत्रावरून काढावे.

वीट वापरायची असेल तर पुस्तकातला घनमीटरला ५०० विटांचा आकडा डोळे झाकून घेऊ नये. तो १९० × ९० × ९० मिमीच्या मॉड्यूलर विटेचा आहे आणि आपल्या भागातल्या भट्ट्यांवर मिळणारी वीट त्या मापाची नसते. आलेल्या मालातून दहा विटा उचलून एका रेषेत ठेवाव्यात, लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही बाजूंनी मोजाव्यात आणि सरासरी काढावी. समजा ती २२५ × १०० × ७५ मिमी आली. प्रत्येक मापात १० मिमी सांधा मिळवला की एका विटेची जागा ०.००२२ घनमीटर आणि घनमीटरला ४५५ विटा. मसाल्याचे निव्वळ घनफळ ०.२३ घनमीटर, कोरड्या साहित्यात मांडण्यासाठी १.३३ ने गुणून १:६ प्रमाणाला सव्वा गोणी सिमेंट. अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी विटांची संख्या शेकड्यांनी बदलते, म्हणून ही दहा विटांची मोजणी टाळू नये.

गिलाव्याचे क्षेत्र काढताना वजावटीचा नियम भारतीय मानक १२०० मध्ये दिलेला आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट नाही, अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतच्या दारा-खिडकीची एकाच बाजूची वजावट, आणि त्या बदल्यात कडांचा गिलावा वेगळा मोजायचा नाही, त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजू वजा आणि कडा जमेला. हा नियम करारात लिहिला नाही तर बिलाच्या वेळी तंटा ठरलेला. आपल्या घराचा आतला गिलावा छतासह २५० चौरस मीटर आणि बाहेरचा कठड्यासह १८५ धरू. आतून १२ मिमी, बाहेरून दोन हातांत २० मिमी, दोन्ही १:४. भिंतीचे खळगे भरण्यासाठी वीस टक्के वाढवून, कोरड्या साहित्यात मांडण्यासाठी १.३३ ने गुणले की आत २८ आणि बाहेर ३४ गोण्या येतात, आणि वाळू तीन ब्रास. भिंत ओळंब्यात नसेल तर हाच गिलावा जागोजागी दीड इंच जाड होतो. सिमेंट वाढण्याचे इतके नेहमीचे दुसरे कारण मी पाहिलेले नाही.

फरशी, गच्चीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा (पाणी मुरू नये म्हणून घातलेला थर), कठडा आणि सेप्टिक टाकी यांसाठी याच रीतीने मोजून सुमारे ६० गोण्या धरल्या. फरशी ६०० × ६०० मिमीची असेल तर चार नगांच्या पेटीत १.४४ चौरस मीटर येतात. ६६ चौरस मीटरला सात टक्के कटाई धरून ५० पेट्या, सगळ्या एकाच बॅचच्या.

आता बेरीज पाहा. २८८, ३८, ६२ आणि ६० मिळून ४४८ गोण्या, म्हणजे चौरस फुटाला ०.५२ गोणी. बाजारात सर्रास सांगितला जाणारा ढोबळ आकडा ०.४ गोणीचा आहे आणि त्याने ३४४ गोण्या येतात. शंभर गोण्यांचा हा फरक चुकीमुळे आलेला नाही. बैठ्या घरात फुटिंग, जोते आणि गच्चीचा कोबा यांचा सगळा भार एकाच मजल्याच्या क्षेत्रफळावर पडतो. वर आणखी एक मजला चढला की तोच भार दोन स्लॅबांत विभागला जातो आणि आकडा खाली येतो. सळईचे मात्र आपल्याकडे चौरस फुटाला ३.९५ किलो आले, जे साडेतीन ते चार किलोंच्या रूढ आकड्यात बसते. ढोबळ आकडे ताळा करण्यासाठी वापरावेत, खरेदीसाठी नाहीत.

परिमाणे हाती आल्यावर दर लावायचे. दर म्हणजे दुकानावरचा भाव नव्हे. त्यात जीएसटी, वाहतूक आणि हमाली धरून साहित्य आपल्या प्लॉटवर उतरेपर्यंतचा खर्च लिहावा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्यापूर्वीचे अंदाजपत्रक असेल तर ती ओळ पुन्हा मांडावी. खडी आणि क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) वाघोली किंवा मोशीकडच्या क्रशरवरून येते आणि आपला प्लॉट जितका लांब तितकी वाहतूक वाढते, म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला बांधणाऱ्या मित्राचा दर आपल्याला लागू होत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची तुलनेसाठी जरूर पाहावी. तिच्यात प्रत्येक कामाचे वर्णन नेमक्या शब्दांत दिलेले असते आणि करार लिहिताना ते वर्णन फार उपयोगी पडते.

पद्धत दाखवण्यासाठी समजा गोणी ३५० रुपये आणि सळई किलोला ६० रुपये आहे. ४४८ गोण्यांचे १,५६,८०० आणि ३.४ टनांचे २,०४,००० रुपये होतात. गोणी वीस रुपयांनी महागली तर ८,९६० रुपये वाढतात, सळई पाच रुपयांनी चढली तर १७,००० रुपये. त्याउलट कंत्राटदाराच्या दरात चौरस फुटाला शंभर रुपयांचा फरक पडला तर ८६,१०० रुपये इकडचे तिकडे होतात. म्हणून भाव उतरण्याची वाट पाहत महिना घालवण्यापेक्षा दरात कोणती कामे धरली आहेत, हे तपासण्यात तो महिना घालवावा असे मला मनापासून वाटते. दर कोणत्या क्षेत्रफळावर आहे, बाल्कनी आणि जिन्यावरची खोली पूर्ण धरली की अर्धी, सेंटरिंग (काँक्रीट भरण्यासाठीचे साचे आणि टेकू), पाणी आणि वीज कोणाची, हे प्रश्न लेखी विचारावेत. कामगार उपकर लागू होत असेल तर तो आणि इतर शुल्के वेगळ्या ओळीत लिहावीत. अनपेक्षित खर्चासाठी पाच टक्के ठेवावेत; पाया खडकात असेल तर मी त्याहून अधिक ठेवतो.

साहित्य येऊ लागल्यावर मोजणी थांबवू नये. ट्रकचा हौदा आतून फुटांत मोजावा: १४ × ७ × ३ म्हणजे २९४ घनफूट, २.९४ ब्रास. वाळू कडेला चार इंच खाली असेल तर तेवढ्यानेच ब्रासचा तिसरा हिस्सा कमी येतो. बिल टनावर असेल तर वजनकाट्याची पावती घ्यावी आणि ओल्या मालाचे वजन पाण्यासकट असते हे लक्षात ठेवावे. ओली वाळू फुगते, हे तर पावसाळ्यात विसरून चालणारच नाही. काचेच्या बरणीत ओली वाळू भरून उंचीची खूण करावी, मग पाणी ओतून ढवळावे आणि बसू द्यावी. खाली गेलेली उंची म्हणजे फुगवटा, आणि तो बसलेल्या वाळूच्या उंचीच्या वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत असू शकतो. तितकीच वाळू पेटीने मोजताना वाढवावी लागते, नाहीतर काँक्रीटचे प्रमाण बिघडते. सिमेंट एकदम भरून ठेवू नये. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद लक्षणीय घटते. दोन-तीन आठवड्यांपुरते आणावे, भिंतीपासून फूटभर दूर, फळ्यांवर, दहा गोण्यांहून उंच नाही.

पाणीही अंदाजपत्रकात लिहायचे साहित्य आहे, विशेषतः टँकरवर अवलंबून असलेल्या उपनगरांत. बाजारात मिळणारे सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले, असते आणि अशा मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस, कोरड्या उन्हाळ्यात चौदा दिवस ओलावा द्यावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब भरणाऱ्याने त्या दोन आठवड्यांचे टँकर आधीच हिशेबात धरावेत.

शेवटी एक वही. स्लॅबच्या दिवशी सकाळी गोदामातल्या गोण्या मोजाव्यात आणि संध्याकाळी पुन्हा मोजाव्यात. आपल्या स्लॅब आणि बीमच्या १३.२ घनमीटरला १०६ गोण्या लागायला हव्यात. पंचाण्णवच लागल्या असतील तर मिक्सरवर प्रमाण कमी पडले आहे आणि सल्लागाराला त्याच दिवशी कळवावे. १२० लागल्या असतील तर स्लॅबची जाडी तपासावी: एक इंच जादा जाडी म्हणजे दोन घनमीटर जादा काँक्रीट आणि सोळा गोण्या, शिवाय बीम आणि कॉलमवर जवळजवळ पाच टनांचा असा भार, जो सल्लागाराने कुठेच मोजलेला नाही.